नैना क्षेत्रातील वीज कोणाच्या हाती? सिडकोच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय उपाध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य,
शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको),
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई.

प्रत माहितीसाठी: ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन; महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग; महावितरण.

विषय: नैना (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र) येथील नव्या वसाहतींसाठी सार्वजनिक मालकीची वीज वितरण संस्था स्थापन करण्याबाबत.

महोदय/महोदया,

सविनय नमस्कार.

नैनाच्या नगररचना योजनांतील रस्ते कागदावरून जमिनीवर उतरू लागले आहेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहावे लागत आहे. काँक्रीटचा रस्ता एकदा झाला की त्याखालून उच्चदाब केबल नेण्यासाठी तो फोडावा लागतो, फोडण्यासाठी परवानगी लागते, परवानगीसाठी खोदाई शुल्क भरावे लागते आणि बुजवलेला चर पहिल्याच पावसाळ्यात खचतो. नवी मुंबईच्या जुन्या नोडमध्ये हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वीज वितरणाच्या कामात माझी सारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर मी पनवेल तालुक्यातच घर केले. तेव्हा या विषयात मी अभियंता म्हणून बोलतो आहे आणि बिल भरणारा ग्राहक म्हणूनही.

शासनाने १० जानेवारी २०१३ रोजी या क्षेत्रासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. त्यानंतरच्या काळात क्षेत्राच्या सीमा बदलल्या, काही भाग कमी झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाळा-साई-चिरनेर परिसरातील १२४ गावे एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) नवनगर विकास प्राधिकरण म्हणून सोपवली गेली. त्यांतील बरीच गावे पूर्वी नैनातच होती. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या सगळ्यामुळे घरांची मागणी वाढणार हे सांगायला तज्ज्ञ नको. रस्ते, पाणी, मलनिःसारण आणि उद्याने यांचा विचार विकास आराखड्यात तपशिलाने झालेला दिसतो. विजेचा विचार मात्र ‘उपकेंद्रासाठी भूखंड आरक्षित’ एवढ्या ओळीपाशी थांबतो, आणि त्या भूखंडावर उपकेंद्र कोण, कधी आणि कोणाच्या पैशाने उभारणार हे तेथे लिहिलेले नसते.

भाराचा हिशेब घेऊ. दोन शयनगृहांच्या घराचा मंजूर भार आज पाच किलोवॉटच्या खाली क्वचित असतो. दहा हजार घरांची बेरीज पन्नास मेगावॉट होते, पण सगळ्यांचे गीझर आणि वातानुकूलक एकाच क्षणी चालत नसल्याने उपकेंद्रावर प्रत्यक्ष दिसणारी मागणी घरटी दोन ते अडीच किलोवॉट, म्हणजे वीस-पंचवीस मेगावॉट धरावी. आता त्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या घाला. पाचातल्या एका घरी गाडी आहे आणि ती रात्री नऊला ३.३ किलोवॉटच्या चार्जरला लागली, असे धरले तर साडेसहा मेगावॉट वाढतात, आणि ते नेमके संध्याकाळच्या कमाल मागणीच्या डोक्यावर येऊन बसतात. लिफ्ट, पाण्याचे पंप, मलनिःसारण केंद्र आणि रस्त्यांवरचे दिवे वेगळेच. हा माझा ढोबळ अंदाज आहे आणि तो चुकीचा असेल तर मला आनंदच होईल. पण खोडून काढण्यासाठी तरी सिडकोचा स्वतःचा योजनानिहाय भार अभ्यास लोकांसमोर हवा. तो प्रसिद्ध झालेला माझ्या पाहण्यात नाही.

असा अभ्यास नसताना काय होते, हे मी राहत असलेल्या भागातच पाहिले. एका गृहसंकुलात भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, लोक राहायला आले, आणि कित्येक महिने संपूर्ण इमारत बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवर आणि डिझेल जनरेटरवर चालली. कारण विचारले तर उत्तर एकच असे: जवळच्या वाहिनीवर भार शिल्लक नाही, नवी वाहिनी आणायची तर विकासकाने खर्च करावा, आणि विकासक म्हणे की पुढच्या टप्प्याच्या इमारती उभ्या राहिल्याशिवाय ते परवडत नाही. यात कोणा एकाचा दोष आहे असे मला वाटत नाही. वसाहत आधी आणि वीज मागून, ही पद्धतच सदोष आहे.

सध्याच्या व्यवस्थेत विकासक स्वतः केबल आणि रोहित्र आणतो, वितरण कंपनीला १.३ टक्के देखरेख शुल्क भरतो आणि काम झाल्यावर ते जाळे तिच्या ताब्यात देतो. कागदावर हे सोयीचे आहे. प्रत्यक्षात प्रत्येक विकासक त्या वेळी स्वस्त मिळेल त्या बनावटीचे रिंग मेन युनिट (उच्चदाब केबली जोडण्या-तोडण्याची स्विचपेटी) घेतो, पुढच्या प्लॉटवर दुसरी बनावट येते, केबलचा आकार आपल्या इमारतीपुरता मोजला जातो, शेजारच्या योजनेला जोडायचा विचार कोणी केलेला नसतो. दहा वर्षांनी त्या भागातील वायरमनकडे पाच प्रकारचे सुटे भाग लागतात आणि त्यांतला एकही भांडारात नसतो. रात्री दोन वाजता केबल फॉल्ट शोधणाऱ्या माणसाला या धोरणाची जी किंमत मोजावी लागते, ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, नैना क्षेत्रातील नव्या योजनांसाठी सिडको आणि महावितरण यांच्या संयुक्त मालकीची एक सार्वजनिक वितरण कंपनी स्थापन करावी. उद्या या भागात महानगरपालिका किंवा नगरपरिषद आली की तिला सिडकोच्या भागभांडवलातील ठरावीक हिस्सा हस्तांतरित होईल अशी अट कंपनीच्या घटनेतच असावी. आणि जमिनीखालचे सारे वितरण जाळे एकाच नियोजनाने, एकाच मालकीत, रस्त्याबरोबरच घालावे. एमएमआरडीएकडे गेलेली लगतची गावेही याच कंपनीच्या कक्षेत असावीत, कारण नियोजन प्राधिकरणांची सीमा खांब आणि वाहिन्यांना कळत नाही.

‘महावितरण सार्वजनिकच आहे, मग नवी संस्था कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. महावितरणचे सुमारे तीन कोटी ग्राहक आहेत, आणि त्यांत गडचिरोलीच्या पाड्यापासून वाळूजच्या कारखान्यापर्यंत सगळे येतात. एवढ्या मोठ्या संस्थेचा भांडवली आराखडा जेथे आज ग्राहक ओरडतो आहे तेथे आधी जातो, आणि ते योग्यच आहे; जेथे ग्राहक पाच वर्षांनी येणार आहे तेथे आज केबल घालणे तिला अवघड जाते. सिडकोचे उलट आहे. जमीन तिच्या हाती, विकास शुल्क तिच्या हाती आणि वसाहत कधी भरेल याचे वेळापत्रकही तिच्याच हाती. फक्त वीज वितरणाचा अनुभव नाही. तो महावितरणच्या अभियंत्यांकडे आहे. दोघांनी एकत्र यावे एवढेच मी म्हणतो आहे.

समांतर परवान्याचा मार्गही चर्चेत आहे, त्याविषयी स्पष्ट बोलतो. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १४ मधील सहाव्या परंतुकानुसार एकाच क्षेत्रात दुसऱ्या परवानाधारकाला परवाना देता येतो आणि केवळ पहिला तेथे आहे म्हणून दुसऱ्याला नाकारता येत नाही. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम बदलून अशा परवान्यासाठी किमान क्षेत्र महानगरपालिका किंवा लगतचे तीन महसुली जिल्हे असे ठरवले, आणि शासनाने अधिसूचित केल्यास त्याहून लहान क्षेत्रही चालेल अशी सोय ठेवली. त्यानंतर लगेच अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप-मुलुंडपासून पनवेल-उरणपर्यंतच्या पट्ट्यासाठी अर्ज केला आणि ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यभरातील वीज कर्मचारी संपावर गेले. त्या वादात मी येथे शिरत नाही. माझी हरकत तांत्रिक आहे: समांतर परवानाधारकाने ‘स्वतःच्या वितरण जाळ्यातून’ वीज द्यावी असे कायदा म्हणतो, म्हणजे त्याच रस्त्याखाली दोन केबली, त्याच चौकात दोन फीडर पिलर आणि दोन्हींचा खर्च शेवटी ग्राहकांच्याच दरात. मुंबई उपनगरात सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००८ च्या निकालानंतर टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज देण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा आयोगाला लवकरच ग्राहकांनी जुन्याच तारांवरून पुरवठादार बदलण्याची व्यवस्था आखावी लागली. मोकळ्या जमिनीवर नवे शहर उभारताना आपण तीच कसरत पुन्हा का करावी? जाळे एकच असावे, आणि नैनासारख्या ठिकाणी ते सार्वजनिक मालकीचे असावे.

फ्रँचायझीचा, म्हणजे परवाना महावितरणकडेच ठेवून वितरणाचे काम खासगी कंपनीला सोपवण्याचा, अनुभव संमिश्र आहे. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवरने वितरण हाती घेतले आणि प्रचंड असलेली गळती मोठ्या प्रमाणात खाली आणली, हे मान्य करायला हवे. पण नागपूर, औरंगाबाद आणि जळगाव ही शहरे २०११ मध्ये ज्या कंपन्यांकडे सोपवली गेली, त्यांच्याकडून ती काही वर्षांतच महावितरणला परत घ्यावी लागली. भिवंडीत चोरी थांबवायची होती. आपल्याकडे चोरी करायला अजून तारच नाही. आपला प्रश्न भांडवल वेळेवर ओतण्याचा आहे, आणि ठरावीक मुदतीचा ठेकेदार चाळीस वर्षांच्या केबलचा विचार करील अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल.

आता सार्वजनिक आणि स्थानिक संस्थांच्या अपयशाविषयी, कारण ते लपवून माझी सूचना बळकट होणार नाही. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने श्रीरामपूर-राहुरी परिसराला सुमारे चार दशके वीज दिली. संस्था सभासदांची होती, कार्यालय हाकेच्या अंतरावर होते, आणि तरीही घाऊक विजेची थकबाकी इतकी वाढली की २०११ मध्ये परवान्याची मुदत संपल्यावर ते क्षेत्र महावितरणकडे गेले. तिच्या बचावात सांगण्यासारखे पुष्कळ आहे: शेतीपंपांचा मोठा भार, मीटर नसलेले ग्राहक, घाऊक खरेदीचा दर आणि वसुलीचा दर यांचा न जुळणारा मेळ. पण ज्या संस्थेचे संचालक बिल थकवणाऱ्यांच्याच मतांवर निवडून येतात, तिला जोडणी तोडण्याचा निर्णय घेता येत नाही, हा धडाही तितकाच खरा आहे. नैनातील कंपनीच्या मंडळावर रहिवाशांचे आणि गावांचे प्रतिनिधी जरूर असावेत. वसुली, जोडणी आणि तोडणी यांचे निर्णय मात्र नियमांनुसार अधिकाऱ्यांनीच घ्यावेत, संचालकाच्या फोनवर नव्हे.

बेस्टचा धडा वेगळा. १९४७ मध्ये मुंबई महानगरपालिकेने ती कंपनी विकत घेतली आणि दक्षिण मुंबईला उत्तम, भूमिगत वीजजाळे मिळाले. आजही वीज गेली तर मुंबईकराला आश्चर्य वाटते, यातच सगळे आले. पण बसची तूट वीजग्राहकांच्या बिलातून भरून काढण्याची वेळ तेथे आली आणि त्यावर वर्षानुवर्षे न्यायालयीन लढे झाले. सिडको हे अनेक कामे करणारे महामंडळ आहे. विजेचा पैसा विजेतच राहील, त्यातून मेट्रो किंवा गृहनिर्माण योजनेची तूट भरली जाणार नाही, अशी तरतूद पहिल्याच दिवशी हवी.

उलट दिशेची एक चूकही टाळायला हवी, आणि माझ्या मते ती सर्वांत सहज घडू शकते. नगररचना योजनेत जमीनमालक आपली ६० टक्के जमीन देतो आणि ४० टक्के विकसित भूखंड परत घेतो. त्यावर विकास शुल्कही आकारले जाते. उपकेंद्राची जमीन आणि रस्त्याखालचे डक्ट (केबल ओढण्यासाठीच्या नळ्या) जर या योगदानातून उभे राहणार असतील, तर नव्या कंपनीच्या हिशेबात ते ग्राहकांचे अंशदान म्हणून दाखवले पाहिजे. तसे केले नाही तर त्याच मालमत्तेवर घसारा आणि भागभांडवलावरचा परतावा पुन्हा दरात धरला जाईल, म्हणजे पळस्प्याचा किंवा आकुर्लीचा शेतकरी एकदा जमीन देऊन आणि दुसऱ्यांदा बिल भरून त्याच केबलची किंमत मोजेल. आयोगासमोर दर याचिका येते तेव्हा हा तपशील तिसऱ्या-चौथ्या परिशिष्टात असतो आणि कोणी वाचत नाही.

क्रॉस सबसिडीचा आक्षेप कोणी घेईल, आणि घ्यायलाच हवा. शहरी घरगुती आणि व्यापारी ग्राहक जास्त दर देतात म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील शेतीपंपाला स्वस्त वीज देता येते; चांगले ग्राहक वेगळे काढले तर उरलेल्यांचे काय? म्हणूनच मी महावितरणला बाहेर ठेवून नव्हे, तिला भागीदार करून कंपनी मागतो आहे. नैनातील ग्राहकांचा या भारातील वाटा किती असावा ते आयोगाने उघड सुनावणीत ठरवावे आणि तो घाऊक खरेदीच्या दरातून महावितरणला मिळावा. स्वस्त विजेचे आमिष दाखवून घरे विकण्यासाठी ही कंपनी नसावी.

वीज कोठून घ्यायची, हा यापुढचा मोठा प्रश्न आहे, कारण वितरण कंपनीच्या खर्चात खरेदीचाच वाटा सर्वांत मोठा असतो. सुरुवातीची वर्षे महावितरणकडून घाऊक वीज घेणेच शहाणपणाचे, कारण भार थोडा असताना स्वतंत्र दीर्घकालीन करार करणे म्हणजे न वापरलेल्या विजेचे स्थिर आकार भरत बसणे होय. एकूण विजेपैकी ठरावीक वाटा नवीकरणीय असावा, हे केंद्राने ठरवलेले बंधन २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांवर जाणार आहे, तेव्हा छतांचा उपयोग आतापासून आखावा लागेल. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सुविधांसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. पण छतावर आधीच पाण्याच्या टाक्या आणि मोबाइल मनोरे असतील तर पॅनेल लावणार कोठे? सिडकोने बांधकाम परवानगी देतानाच छताचा काही भाग त्यासाठी मोकळा ठेवण्याची आणि वाहनतळात चार्जिंगसाठी स्वतंत्र केबलमार्गाची अट घालावी. गाड्या रात्री नऊऐवजी दुपारी किंवा मध्यरात्रीनंतर चार्ज झाल्या तर वर सांगितलेल्या साडेसहा मेगावॉटसाठी नवे रोहित्र लागणारच नाही. वेळेनुसार दर लावण्याचा फायदा तो हाच.

पारेषणाबाबत थोडक्यात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे आणि खारघरकडील ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई महानगर अंधारात गेले. नैनाला किमान दोन वेगळ्या दिशांनी २२० केव्हीचा पुरवठा हवा आणि त्यासाठी महापारेषणशी बोलणी आजच सुरू व्हायला हवीत, कारण मनोऱ्यांच्या मार्गाची जमीन उद्या मिळणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडातील खांब कसे आडवे केले आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडची गावे किती दिवस अंधारात राहिली, ते अजून विसरलेलो नाही. तेव्हा नव्या वसाहतींत उच्चदाब वाहिनी भूमिगतच असावी आणि उपकेंद्राचा चौथरा नदीच्या पूररेषेच्या वर असावा. भूखंड लहान पडत असेल तर वायुरोधित जीआयएस उपकेंद्र महाग असले तरी घ्यावे. जमिनीचा आजचा भाव पाहता तो व्यवहार तोट्याचा नाही.

गावठाणांविषयी एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. नकाशावर नव्या योजनेचे सेक्टर रंगवलेले असतात आणि जुनी गावठाणे पांढरी सोडलेली असतात. त्या गावांत आजही उघड्या तारा आणि ओव्हरलोड रोहित्रे आहेत. आपल्या भागाला वीज नवी नाही: १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, भिवपुरीचे केंद्र कर्जत तालुक्यातच आहे, आणि उरणच्या वायू विद्युत केंद्राला चार दशके झाली. आमच्या डोंगरांतून आणि खाडीकाठावरून शंभर वर्षे वीज गेली, आणि शेजारच्या वाडीत मात्र दिवा मिणमिणत राहिला. नव्या कंपनीच्या परवाना क्षेत्रात गावठाणे पहिल्या दिवसापासून असावीत आणि त्यांचे जाळे बदलण्याचा खर्च पहिल्या भांडवली आराखड्यात, वेगळ्या शीर्षाखाली दाखवलेला असावा.

आपल्याकडून मला चार गोष्टींची लेखी अपेक्षा आहे. योजनानिहाय भार अभ्यास प्रसिद्ध करावा. ज्या रस्त्यांची कामे अजून सुरू झालेली नाहीत, त्यांच्या निविदेत वीज आणि दूरसंचार डक्टचा समावेश करावा. संयुक्त कंपनीच्या शक्यतेवर महावितरणशी प्राथमिक बैठक घेऊन तिचे इतिवृत्त लोकांसाठी खुले करावे. परवान्याच्या कोणत्या मार्गाने जाता येईल, कलम १७ खालील आयोगाची पूर्वपरवानगी लागेल की स्वतंत्र अधिसूचना, यावर कायदेशीर मत त्याच बैठकीत घेता येईल. आणि ज्या योजनांचे अंतिम भूखंड लवादाकडून अजून निश्चित व्हायचे आहेत, त्यांतील उपकेंद्रांची आरक्षणे अभ्यास येईपर्यंत बदलू अथवा वगळू नयेत.

यांपैकी शेवटच्या विनंतीला पैसा लागत नाही. तिच्यावरचा आदेश आपल्या पुढच्या बैठकीतच निघू शकतो.

आपला विश्वासू,
पनवेल तालुक्यातील एक रहिवासी व निवृत्त विद्युत अभियंता